अंगणातला शंकू आणि दूरच्या शाळा

(शिक्षक व पालक यांच्या एकत्रित बैठकीतील भाषणाचा मजकूर)



महाजालाच्या साह्याने वर्गखोली बाहेरच्या जगाशी कशी जोडावी, हा आजचा विषय. विषय नव्या युगाचा आहे, तरी त्याचा आरंभ एका काठीपासून करणे सोयीचे होईल. शाळेच्या अंगणात सपाट जागा पाहून एक मीटर उंचीची सरळ काठी उभी करायची. ती जमिनीशी काटकोनात आहे, याची ओळंब्याने खात्री करून घ्यायची. आणि विषुवदिनी, म्हणजे २० किंवा २१ मार्चला, माध्यान्हीची सावली मोजायची. सोलापूरच्या शाळेत ती सुमारे ३२ सेंटीमीटर भरेल. उज्जैनच्या शाळेत त्याच दिवशी, तेवढ्याच उंचीच्या काठीची सावली सुमारे ४३ सेंटीमीटर भरेल. सूर्य एकच, दिवस एकच, काठीही सारखीच. मग हा अकरा सेंटीमीटरचा फरक आला कोठून?

हा प्रश्न सोलापूरच्या मुलाला एकट्याने पडू शकत नाही. आपल्या अंगणातली सावली तो जन्मभर मोजत बसला तरी त्याला तो पडणार नाही. उज्जैनच्या मुलाने मोजलेला आकडा त्याच्या हाती आला पाहिजे, आणि त्याचा आकडा उज्जैनला पोहोचला पाहिजे. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी फळ्यावर लिहिले गेले, की त्या क्षणी दोन्ही वर्गांना पृथ्वीच्या गोलाईचा प्रत्यय येतो. वर्ग जगाशी जोडणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. या उदाहरणाकडे पुन्हा यायचेच आहे. तत्पूर्वी, आजवर आपण वर्गात जग कसे आणले, हे थोडक्यात पाहू.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासा या संस्थेने एटीएस-६ नावाचा उपग्रह भारताला वर्षभरासाठी वापरावयास दिला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. ज्या गावांत वीज नव्हती, तेथे विद्युत्घटांवर संच चालविले गेले. विक्रम साराभाई यांच्या स्वप्नातली ही योजना ती साकार झालेली पाहावयास ते हयात नव्हते, पण आपल्या शास्त्रज्ञांनी ती तडीस नेली. वर्ष संपले आणि उपग्रह ज्याचा होता, त्याने तो परत नेला. पडदे काळे झाले. परंतु या वर्षभरात आपल्या अभियंत्यांनी जे शिकून घेतले, त्यातूनच पुढे इन्सॅट मालिकेचा पाया भक्कम झाला. आणि २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्याच प्रक्षेपकाने केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ अवकाशात नेला. उसन्या उपग्रहापासून स्वतःच्या उपग्रहापर्यंतचा हा प्रवास २९ वर्षांचा आहे. त्यामागची जिद्द मुलांना अवश्य सांगावी.

मात्र दूरचित्रवाणीचा एक स्वभाव आहे. ती सांगते, ऐकत नाही. दिल्ली अथवा अहमदाबादेत बसलेला तज्ज्ञ बोलणार आणि ओडिशाच्या खेड्यातले मूल पाहणार. त्या मुलाने काय पाहिले, त्याच्या गावात पाऊस कधी पडतो, त्याच्या आजीला कोणती वनस्पती ठाऊक आहे, हे तज्ज्ञाला कळण्याचा मार्ग त्यात नव्हता. महाजालाने हा मार्ग प्रथमच उघडला. खेद इतकाच, की मार्ग दुहेरी झाला तरी आपली सवय एकेरीच राहिली. आजही अनेक शाळांत ‘डिजिटल वर्ग’ म्हणजे मोठ्या पडद्यावर कुणीतरी दुसऱ्याने तयार केलेली चित्रफीत लावणे, एवढाच अर्थ घेतला जातो. पडदा बदलला; मूल होते तेथेच, प्रेक्षकांत बसून आहे.

या बाबतीत सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. पण त्यातला एक भाग बहुधा सांगायचा राहून जातो. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली तेथील जिल्हा परिषद शाळेत गेले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली, एका बाजूला गुरांचा गोठा. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांतून रकमेची चर्चा पुष्कळ झाली. पुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडचीही झाली, आणि ते योग्यच होते, कारण महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत आली आणि मागोमाग तिचा देशपातळीवरही स्वीकार झाला. राहून गेलेला भाग असा, की त्या शाळेतील मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. गुरुजी प्रथम कन्नड शिकले. मग पाठ मुलांच्या भाषेत नेले. कविता, ध्वनिफिती, चित्रफिती आणि ते चौकोनी ठिपके हे सर्व त्यानंतरचे. जगाकडे जाणारा रस्ता मुलाच्या घरच्या भाषेतून काढावा लागतो, हे तंत्र हाती घेण्याआधी त्या शिक्षकाने ओळखले होते.

त्याच गुरुजींनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा परस्परांशी वैर असलेल्या देशांतील मुलांना महाजालावरून एकमेकांशी बोलते करण्याचाही उपक्रम केला. त्याने राष्ट्राराष्ट्रांतील वैर किती शमते, याबद्दल या सभागृहात मतभेद असतील आणि ते असण्यास कुणाची हरकत नाही. शिक्षणाच्या अंगाने पाहता मात्र त्यातून एक प्रश्न उभा राहतो: समोरच्या देशातल्या मुलाने ‘तुमच्याकडे काय आहे?’ असे विचारले, तर आपला मुलगा काय सांगेल? चित्रपटातील नटांची नावे सांगून तो थांबेल, की आपल्या नदीचे, आपल्या गावच्या जत्रेचे, आपल्या शेतातल्या मातीचे काही नेमके सांगू शकेल? संपर्काची साधने आली म्हणून सांगण्यासारखे काही आपोआप येत नाही. ते वर्गातच घडवावे लागते.

आता पुन्हा काठीकडे. आपल्या ज्योतिषशास्त्रात तिचे नाव ‘शंकू’. सिद्धान्तग्रंथांत बारा अंगुळांचा शंकू प्रमाण मानलेला आहे आणि विषुवदिनी माध्यान्ही त्याची जी सावली पडते, तिला ‘पलभा’ म्हणतात. जुन्या पद्धतीने पंचांग करणाऱ्याला लग्नसाधनासाठी प्रत्येक गावाची पलभा ठाऊक असावी लागे. सोलापूरची पलभा चार अंगुळांना थोडी कमी, उज्जैनची पाच अंगुळांहून थोडी अधिक. आज घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते, पण त्यातील गणिताच्या मुळाशी ही अंगणातली सावली होती, हे किती घरांत ठाऊक आहे? आपली राष्ट्रीय शक दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. तिचा चैत्रारंभही विषुवदिनाच्या लगतच योजिलेला आहे.

उज्जैनची निवड येथे सहज केलेली नाही. लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा ही आपल्या प्राचीन गणितज्ञांची मध्यरेषा होती. इंग्रजांच्या ग्रीनिचला जे स्थान पुढे मिळाले, ते आपल्या गणितात उज्जयिनीला शतकानुशतके होते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात तेथे उभारलेली वेधशाळा आजही उभी आहे. आणि योगायोग असा, की आपले सोलापूर जवळजवळ त्याच रेषेवर येते. दोहोंच्या रेखांशांत अंशाच्या पाचव्या हिश्श्याइतकाही फरक नाही. त्यामुळे दोन्ही गावांत माध्यान्ह जवळपास एकाच क्षणी होते आणि गणित सुटसुटीत बनते.

गणित आठवीच्या मुलास सहज झेपणारे आहे. काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर प्रमाणात काढायचा आणि काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजायचा. सोलापूरचा कोन पावणेअठरा अंशांच्या आसपास येईल, उज्जैनचा सव्वातेवीसच्या. फरक साडेपाच अंश. नकाशावर दोन गावांमधील सरळ अंतर मोजले, रस्त्याचे नव्हे, तर ते सुमारे ६१० किलोमीटर भरते. साडेपाच अंशांना ६१० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या अगदी जवळ येते. पृथ्वीचा परीघ! हीच युक्ती इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या एरॅटोस्थेनिसने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात वापरली होती आणि आज अनेक देशांतील शाळा विषुवदिनाच्या सुमारास आपापल्या सावल्या मोजून महाजालावर आकडे जुळवितात. आपल्या आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील ग्रंथात पृथ्वीचा व्यास १,०५० योजने दिला आहे.

येथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आर्यभटाचे नाव निघाले की आपल्याकडे सभागृहात टाळ्या पडतात आणि कुणीतरी लगेच योजनांचे किलोमीटर करून आधुनिक आकड्याशी तो तंतोतंत जुळल्याचे सांगतो. योजनाची नेमकी लांबी किती धरावी, यावर विद्वानांचे एकमत नाही. सोयीची लांबी घेतली तर कोणताही आकडा जुळविता येतो. असल्या अभिमानाने आर्यभट मोठा होत नाही आणि मूल शहाणे होत नाही. त्या महापुरुषाचा खरा वारसा वेध घेण्यात आहे. ज्या मुलाने भर उन्हात उभे राहून सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली, तो मुलगा त्या परंपरेत उभा आहे. पूर्वजांच्या नावाची फलके रंगविणाऱ्या, पण अंगणात एकही शंकू नसलेल्या शाळेला तसे म्हणता येणार नाही.

आणि वेध म्हटला की चूक आलीच. काठी किंचित कलली, जमीन थोडी उतरती निघाली, तर सावलीत एक सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास अर्धा अंश. मग साडेपाचच्या ठिकाणी सहा अंश आले तर परीघ छत्तीस हजारांवर उतरतो, पाच अंश आले तर चव्वेचाळीस हजारांच्या घरात जातो. मुलांना पुस्तकातले उत्तर ठाऊक असते. हातची सावली थोडी खोडून ते मिळविण्याचा मोह होतोच. पण दुसऱ्या टोकाला उज्जैनचा वर्ग आपला आकडा घेऊन बसलेला आहे. त्याला खोटा आकडा कळविला, तर त्याचेही गणित बिघडते. ‘आमची काठी कलली होती, उद्या पुन्हा मोजून कळवितो,’ असे दूरच्या मित्राला सांगावे लागणे हा जो संस्कार आहे, तो सदाचारावरच्या कितीतरी व्याख्यानांहून खोल जातो. पुन्हा मोजण्यास अडचणही नाही. सूर्य दररोज थोडा सरकत असला, तरी दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजले की कोनांतला फरक तोच येतो.

याच रीतीने देशाच्या पूर्वेकडे जाता येते. अरुणाचल प्रदेशात विवेकानंद केंद्राची विद्यालये १९७७ पासून चालू आहेत. एकनाथजी रानडे यांच्या दूरदृष्टीचे ते फळ. तेथील तेजू गावच्या परिसरातील एखाद्या वर्गाशी २१ मार्चला सोलापूरचा वर्ग जोडला, तर काय दिसेल? तेजूमध्ये सव्वाअकराच्या सुमारासच सावली सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढू लागलेली असेल. सोलापुरात तो क्षण बारा वाजून ३४ मिनिटांच्या आसपास येईल. घड्याळ दोन्हीकडे एकच, कारण प्रमाणवेळ देशभर एक; पण सूर्य तेथे ८० मिनिटे आधी डोक्यावर आला. अरुणाचलातील मुलांना शाळेतून परतताना अंधार का गाठतो, हे सोलापूरच्या मुलाला तेव्हा कळेल. देशाचा विस्तार नकाशावर बोट फिरवून जितका समजतो, त्याहून या ८० मिनिटांत अधिक समजतो. ईशान्येकडील आपल्या बांधवांविषयी उर्वरित देशात जे अज्ञान आहे, त्यावर हा एक छोटा पण पक्का उपाय आहे.

आणि मग सागर ओलांडायचा. मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या कोकण-देशावरील मराठी माणसांचे वंशज आहेत. घरची बोली बहुतेकांची आता क्रिओल झाली आहे, पण गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. मॉरिशसचे घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे दोन्हीकडच्या शाळांच्या वेळा एकमेकींवर येतात. अमेरिकेतील मराठी शाळांशी जोडायचे म्हटले तर रात्रीचा दिवस करावा लागतो. येथे ती अडचण नाही. मॉरिशसच्या वर्गाने २१ मार्चला काठी उभी केली, तर सावली सुमारे ३७ सेंटीमीटर भरेल, पण ती पडेल दक्षिणेकडे! आपली उत्तरेकडे, त्यांची दक्षिणेकडे. एक वर्ग विषुववृत्ताच्या वर आणि दुसरा खाली आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. दोन्ही कोनांची वजाबाकी न करता बेरीज का करायची, हेही मुलेच शोधून काढतील. आपल्याकडे वसंत चालू असताना तेथे शरद सुरू होतो. ‘तुमची सावली उलटी का?’ हा प्रश्न मराठीत विचारायचा आहे आणि उत्तर मराठीत द्यायचे आहे, म्हटल्यावर तेथील मुलास मराठी शिकण्याचे एक जिवंत कारण मिळते. परीक्षेत गुण मिळविण्यापलीकडचे कारण नसेल, तर परदेशात भाषा तिसऱ्या-चौथ्या पिढीनंतर टिकत नाही.

साधनांचा प्रश्न निघेल. त्याबद्दल फार चिंता करण्याचे कारण नाही. एक भ्रमणध्वनी, एक ध्वनिवर्धक आणि आकडे लिहावयास फळा, एवढ्यावर हे सारे होते. संपर्क तुटला तर आकडे लघुसंदेशाने पाठविता येतात. संपर्क तुटणार, हे गृहीतच धरावे. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने जाळे मिळते म्हणून डोंगरावर खोपटे उभारून भर पावसाळ्यात शिक्षण चालू ठेवले होते. तिचे कौतुक पुष्कळ झाले. खेड्यांतल्या दुबळ्या जाळ्याची लाज मात्र कुणाला फारशी वाटली नाही.

अधिक विचार करावा लागेल तो साधने कुणाची, याचा. स्काइप नावाची सेवा २००३ साली निघाली. तिच्या आधाराने जगभरच्या असंख्य वर्गांनी एकमेकांशी ओळखी करून घेतल्या. २००९ पासून ब्रिटनमधील निवृत्त शिक्षिका तिच्यावरून आपल्याकडील गरीब वस्त्यांतल्या मुलांना गोष्टी सांगू लागल्या, हा सुगत मित्रा यांचा ‘आजीबाईंचा’ प्रयोग तर पुष्कळ गाजला. ५ मे २०२५ रोजी ती सेवा मालक कंपनीने बंद केली. पुन्हा १९७६ चीच गोष्ट! यास्तव शाळेने ओळख आणि पत्ता जपावा, वहीत लिहून ठेवावा. साधन बदलले तरी मैत्री तुटता कामा नये. आणि त्या आजीबाईंबद्दल आदर बाळगूनही एक विचारावेसे वाटते: आपल्या गावोगावी निवृत्त शिक्षकांचा काय तोटा आहे? पुण्यातील एखाद्या आजींनी घरबसल्या आठवड्यातून अर्धा तास मेळघाटातील अथवा जव्हारच्या वनवासी पाड्यावरील वर्गाशी गप्पा मारावयास कोणती अडचण आहे? त्या पाड्यावरच्या मुलांना ठाऊक असलेली झाडे आजींना ठाऊक नाहीत. देवाणघेवाण तेथेही दोन्ही बाजूंनी होईल.

मातांच्या मनात एक रास्त भीती असते, मूल यातून कुठे भरकटेल ही. तिचे उत्तर व्यवस्थेत आहे. संपर्क वर्गाचा वर्गाशी असावा, एकेका मुलाचा अनोळखी माणसाशी नव्हे. यंत्र शिक्षकाच्या हाती, शिक्षक वर्गात हजर. मुलांची छायाचित्रे, पूर्ण नावे, घरचे पत्ते बाहेर जाऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे; शाळांनी कायद्याची वाट न पाहता ती लेखी घेण्याचा प्रघात ठेवावा. सावलीच्या प्रयोगात दोन वर्ग एकमेकांना आकडे, गावाचे नाव आणि आपापले प्रश्न एवढेच देतात, हेही येथे ध्यानात यावे.

मार्चमध्ये परीक्षा असतात आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी कोकणात ढग असतात. शिक्षकांची ही अडचण खरी आहे. म्हणून विषुवदिनाचाच हट्ट न धरता जानेवारी-फेब्रुवारीतला कोणताही निरभ्र दिवस दोन्ही शाळांनी ठरवून घ्यावा. सावली हिवाळ्यात लांब पडते, त्यामुळे मोजणे उलट सोपे जाते. भागीदार शाळा शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही. देशभर पसरलेल्या विद्या भारतीच्या शाळा आहेत, जिल्हा परिषदांच्या आहेत. आधी पत्र धाडावे, शिक्षकांनी एकमेकांशी बोलून घ्यावे. ठरल्या दिवशी बारा वाजण्यापूर्वीच मुलांना अंगणात न्यावे, दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली येऊन गेल्याची खात्री झाल्याशिवाय वर्गात परतू नये. काठीसाठी गवंड्याकडचा ओळंबा आदल्या दिवशीच मागून आणलेला बरा.